परमुलखाची धाड आणि आपल्या हद्दीतले दप्तर

गोदावरीच्या ज्या काठावर एकनाथांची समाधी आहे आणि जेथून निघालेल्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर आमच्या अंबड तालुक्यातला ऊस उभा राहतो, त्या पैठणच्या औद्योगिक वसाहतीत 2023 च्या ऑक्टोबर महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाचे अधिकारी आणि अहमदाबादच्या गुन्हे शाखेचे पोलीस येऊन धडकले. वसाहतीतील एका कारखान्यातून मेफेड्रोन आणि केटामाइन ही अंमली द्रव्ये, आणि छत्रपती संभाजीनगरातील एका राहत्या घरातून 23 किलो कोकेन व 30 लाख रुपये रोकड, असा मुद्देमाल त्यांनी जप्त केला. त्याची एकूण किंमत 250 कोटींहून अधिक असल्याचे जाहीर झाले. पुढे थोड्याच दिवसांत त्याच शहराच्या परिसरातील आणखी एका कारखान्यातून 107 लिटर द्रवरूप मेफेड्रोन हाती लागले, त्याची किंमत 160 कोटी सांगण्यात आली. साखर कारखान्याभोवती वसलेल्या आमच्या अंकुशनगरसारख्या गावात, जेथे नगरच्या बाजूचा ट्रक कोणता आणि बीडच्या बाजूचा कोणता हे चहाच्या टपरीवरचा पोरगाही सांगू शकतो, तेथे त्या वेळी ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: एवढे सगळे आपल्या शेजारी चालले होते, आणि शेकडो कोसांवरच्या अहमदाबादकरांना जे कळले ते आपल्याकडे कोणालाच कसे कळले नाही?

हा प्रश्न भाबडा वाटतो, पण माझ्या मते अंमली द्रव्यांच्या संघटित व्यापाराविषयी गेल्या दहा वर्षांत विचारल्या गेलेल्या सर्व प्रश्नांत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांना तो कोणी अधिकृतपणे विचारल्याचे या राज्यातील नागरिकाच्या कानावर आलेले नाही.

पैठणची घटना एकटी असती तर तिला अपवाद म्हणता आले असते. परंतु त्याच महिन्यात नाशिकनजीकच्या शिंदे गावातील कारखाना मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी उघडकीस आणला. पुण्याच्या ससून रुग्णालयात उपचारांच्या निमित्ताने महिनोन्महिने मुक्काम ठोकून तेथूनच धंदा चालवणारा आणि 2 ऑक्टोबरला तेथूनच पळून गेलेला कैदी या साखळीतला प्रमुख आरोपी. त्याच सुमारास सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा कारखाना सापडला, तोही मुंबईच्या गुन्हे शाखेला. आणि याच चिंचोळीत 2016 साली ठाणे पोलिसांनी सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन जप्त केले होते, ज्याची चर्चा देशभर झाली होती. म्हणजे एकदा एवढे होऊनही सात वर्षांनी त्याच वसाहतीत बाहेरच्याच पोलिसांना पुन्हा यावे लागले. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे शहर पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभचा कारखाना शोधला, जो पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतो, आणि त्याचे धागे दिल्लीपर्यंत व सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत जाऊन सर्व मिळून सतराशे किलोंहून अधिक मेफेड्रोन हस्तगत झाले. 2025 च्या एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात रोहिणा या गावी शेताशिवारातला कारखाना पकडला गेला. पकडणारे पुन्हा महसूल गुप्तचर संचालनालयच. प्रत्येक प्रकरणात गुन्ह्याचे ठिकाण एक आणि जागे झालेले दप्तर दुसरे. पोलिसांच्या कर्तबगारीचा हा पुरावा आहे हे मी आनंदाने मान्य करतो. पण त्याच पुराव्याच्या पाठीवर दुसरी एक गोष्ट लिहिलेली आहे, आणि ती वाचण्याचे आपण टाळतो.

ती वाचण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. चाळीस वर्षांपूर्वी महाराष्ट्राने अंमली द्रव्यांच्या व्यसनाचा पहिला मोठा तडाखा अनुभवला तो गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या रूपाने. अनिल अवचटांनी त्याविषयी ‘गर्द’ हे पुस्तक लिहिले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले, त्याला पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचे आर्थिक पाठबळ लाभले, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, 14 नोव्हेंबर 1985 पासून अमलात आलेल्या अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ या कायद्यान्वये, दिल्लीत केंद्रीय अंमली पदार्थ नियंत्रण विभागाची, म्हणजे ज्याला वर्तमानपत्रे एनसीबी म्हणतात त्या खात्याची, स्थापना झाली. त्या काळी विष येत होते सीमेपलीकडून: अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या अफूच्या पट्ट्यातून, राजस्थान-पंजाबच्या वाळवंटातून आणि मुंबईच्या बंदरातून. साहजिकच त्याच्याशी लढणाऱ्या यंत्रणांची दृष्टी सीमेकडे आणि बंदराकडे लागलेली राहिली, आणि ती तशी असण्याचे कारण आजही पूर्णपणे संपलेले नाही. 2021 च्या सप्टेंबरमध्ये कच्छच्या मुंद्रा बंदरात टाल्कच्या पावडरीच्या नावाखाली आलेले 2,988 किलो हेरॉइन सापडले ते याच दृष्टीमुळे.

परंतु मेफेड्रोन ही वस्तू सीमेवरून यावी लागत नाही. ज्याला आमच्याकडची मुले नुसते ‘एमडी’ म्हणतात, ते कोणत्याही शेतात उगवत नाही, त्याला खिंड ओलांडावी लागत नाही, त्याला लागतो तो रसायनशास्त्राचा पदवीधर, बंद पडलेला किंवा भाड्याने घेतलेला एखादा कारखाना, औद्योगिक बाजारात राजरोस मिळणारी द्रव्ये आणि शेजाऱ्यांचे दुर्लक्ष. फेब्रुवारी 2015 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढेपर्यंत ते या कायद्याच्या अनुसूचीतच नव्हते, आणि तोवर मुंबईत ते विकणाऱ्यावर या कायद्याचे कठोर कलम लावता येत नसे. गर्दच्या काळात महाराष्ट्र हा विषाची पेठ होता. मेफेड्रोनच्या काळात तो विषाची भट्टी झाला आहे. हा बदल लक्षात घेतला की सीमेवर डोळे लावून बसलेली यंत्रणा कितीही मोठी केली तरी ती एकटी पुरी पडणार नाही, हे उघड होते, कारण गुन्हा आता जेथे घडतो तेथे सीमा सुरक्षा दल नाही, तेथे आहे तलाठी, ग्रामसेवक, बीट जमादार, कारखाना निरीक्षक आणि वीज मंडळाचा लाइनमन.

अनेक हद्दी ओलांडणाऱ्या गुन्हेगारीपुढे हद्दीत बांधलेला फौजदार हतबल होतो, हे या मुलखाला नवीन नाही. निजामाच्या अंमलाखालील मराठवाड्यासह देशभरच्या वाटांवर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठगांच्या टोळ्यांचा जो बोभाटा झाला, त्यातून कंपनी सरकारने स्वतंत्र ठगी खाते निर्माण केले, त्याला संस्थानांच्या सीमा ओलांडून आरोपी धरण्याची मुभा दिली, आणि पुढे ठगी व डकैती या नावाने ओळखले जाणारे तेच खाते 1904 साली मध्यवर्ती गुन्हे गुप्तवार्ता विभागात विलीन झाले. ठगांविषयी त्या खात्याने जे जे लिहून ठेवले त्यातले किती खरे आणि किती माफीच्या साक्षीदारांच्या तोंडी घातलेले, याविषयी इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत, आणि त्या शंका आजच्या विषयालाही लागू पडतात, कारण हद्दीबाहेर जाण्याचा अधिकार मिळालेल्या खात्याला स्वतःच्या यशाचे माप स्वतःच ठरवण्याचा मोह लवकर होतो. स्वतंत्र भारताच्या घटनाकारांनी पोलीस हा विषय राज्यांच्या सूचीत ठेवला, औषधी आणि विष हा समवर्ती सूचीत ठेवला, आणि अफूची लागवड व निर्यातीसाठीची विक्री केंद्राकडे दिली. म्हणून आपल्याकडे ‘राष्ट्रीय पोलीस’ असे काही नाही. आहेत ती निरनिराळ्या मंत्रालयांची निरनिराळी खाती. एनसीबी गृह मंत्रालयाची, महसूल गुप्तचर संचालनालय अर्थ मंत्रालयाचे, ग्वाल्हेरचे केंद्रीय नार्कोटिक्स खाते तेही अर्थ मंत्रालयाचे, आणि सीबीआय तर 1946 च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यावर उभी, जिला राज्याच्या हद्दीत पाऊल टाकावयास राज्याची संमती लागते. ती संमती महाराष्ट्राने 2020 साली काढून घेतली आणि 2022 साली पुन्हा दिली.

या विखुरलेपणाला कंटाळून काही जण म्हणतात, एकच बलाढ्य राष्ट्रीय पोलीस दल उभारा, त्याला सर्वाधिकार द्या, राज्यांच्या पोलिसांना बाजूस सारा, म्हणजे हा प्रश्न सुटेल. या मताचा मी आदराने पण ठामपणे प्रतिवाद करू इच्छितो, आणि त्यासाठी मेक्सिकोचे उदाहरण पुरेसे आहे. 2006 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष काल्देरोन यांनी तेथील टोळ्यांविरुद्ध युद्ध पुकारले, लष्कर रस्त्यावर आणले आणि स्थानिक पोलीस भ्रष्ट आहेत या कारणाने केंद्रीय पोलीस दलाला बळकट केले. त्या सर्व कार्याचा सूत्रधार सार्वजनिक सुरक्षा खात्याचा मंत्री हेनारो गार्सिया लूना. याच गृहस्थाला 2023 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या न्यायालयाने सिनालोआ टोळीकडून लाच घेऊन तिला संरक्षण दिल्याबद्दल दोषी ठरवले आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अडतीस वर्षांहून अधिक शिक्षा सुनावली. केंद्रीय पोलीस दल तर त्याआधीच, 2019 मध्ये, मोडीत काढून राष्ट्रीय रक्षक दलात विलीन करण्यात आले होते. शंभर गावांतले शंभर फौजदार विकत घेण्यास टोळीला शंभर वेळा सौदा करावा लागतो. सर्व सत्ता एका दप्तरात गोळा केली की सौदा एकदाच करावा लागतो. लोकांनी भोगलेल्या हजारो मृत्यूंच्या मोलाने मेक्सिकोने जगाला हा धडा दिला, आणि आपण तो विनामूल्य घ्यावयास नकार देणे शहाणपणाचे होणार नाही.

इटलीने याहून वेगळा मार्ग धरला, आणि माझ्या मते तोच आपल्याला अधिक जवळचा आहे. जोव्हानी फाल्कोने हा पालेर्मोचाच मुलगा. त्या शहराच्या गल्लीबोळांत वाढलेला, तेथील बोली आणि तेथील मौन दोन्ही समजणारा. 1980 च्या सुमारास हेरॉइनच्या एका खटल्याचा तपास करताना त्याने टोळीच्या हस्तकांच्या मागे धावण्याऐवजी शहरातील पेढ्यांच्या वह्या मागवल्या, परकीय चलन कोणी केव्हा मोडले याच्या चिठ्ठ्या तपासल्या, आणि धनादेशांच्या मागे जात जात अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरचे जाळे उलगडले. 1982 च्या कायद्याने तेथे टोळीचे सभासदत्व हाच गुन्हा ठरवला आणि बेहिशेबी मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार दिला. 1986-87 च्या महाखटल्यात 338 आरोपींना शिक्षा झाली. आणि 1991 साली माफियाविरोधी राष्ट्रीय तपास खाते निर्माण झाले, ज्याच्या कल्पनेत फाल्कोनेचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी 23 मे रोजी महामार्गाखाली स्फोटके पुरून त्याची, त्याच्या पत्नीची आणि तीन अंगरक्षकांची हत्या करण्यात आली. त्याच्या कार्याचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे: आधी स्थानिक माणसाचे स्थानिक ज्ञान, मग पैशाचा माग, आणि या दोहोंना देशभर जोडण्यासाठी सर्वांत शेवटी राष्ट्रीय खाते.

आपल्या केंद्रीय खात्यांनी हा क्रम पाळला आहे काय? महसूल गुप्तचर संचालनालयाच्या बाबतीत मी बऱ्याच अंशी होय म्हणेन. कारखाना आणि त्याचा मालक, जहाज आणि त्यातली पेटी, हेच त्याचे लक्ष्य राहिले आहे. एनसीबीविषयी मात्र खेदाने वेगळे लिहावे लागते. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या समुद्रावरील एका प्रवासी जहाजावर घातलेल्या धाडीने सबंध देशाचे लक्ष आठवडेच्या आठवडे वेधून घेतले, आणि 2022 च्या मे महिन्यात त्याच खात्याला आपल्या दोषारोपपत्रातून सर्वांत प्रसिद्ध आरोपीसह सहा जणांची नावे पुराव्याअभावी वगळावी लागली. ज्या काळात दूरचित्रवाणीच्या वाहिन्या त्या जहाजाभोवती फिरत होत्या, त्याच काळात महाराष्ट्राच्या औद्योगिक वसाहतींतल्या भट्ट्या आपला पाया भरत होत्या, असे मानण्यास पुढील दोन वर्षांतल्या धाडी पुरेसे कारण देतात. वापरणाऱ्याच्या खिशातली पुडी शोधण्यासाठी राष्ट्रीय खात्याची गरजच नसते. राष्ट्रीय खात्याने हात घालावयाचा तो मालकाच्या खात्यात, रसायनाच्या पिंपात आणि दोन राज्यांना जोडणाऱ्या दलालात.

रसायनाच्या पिंपाविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण साखर कारखान्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला या बाबतीत जे दिसते ते दिल्लीच्या कचेरीतून दिसेलच असे नाही. उसाच्या रसातून साखर निघाल्यावर उरणारी मळी ही दारू गाळण्याची कच्ची वस्तू. म्हणून मुंबई राज्याने 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली 1955 साली मळीचे नियम केले, आणि तेव्हापासून आजतागायत मळीचा टाका, मळीची नोंदवही आणि मळीचा टँकर या तिन्हींवर आबकारीच्या, म्हणजे आताच्या राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या, अंमलदाराची नजर असते. साठवावयास परवाना, न्यावयास पास. गळीत हंगामात कारखान्याच्या फाटकावर उभे राहिलेल्या कोणालाही हा जाबता डोळ्यांनी पाहता येतो, आणि त्यात क्वचित लबाडी होत असली तरी लबाडी करणाऱ्याला कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकावयाची आहे हे निश्चित माहीत असते. याउलट ज्या द्रव्यांपासून शेकडो कोटींचे मेफेड्रोन शिजते, त्यांतली बहुतेक द्रव्ये रंग, औषधे आणि कीटकनाशके यांच्या उद्योगाला लागणारी सर्वसामान्य रसायने म्हणून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ये-जा करतात. नियंत्रित द्रव्यांविषयी केंद्राचा आदेश 1993 मध्ये निघाला, 2013 मध्ये त्याची जागा नव्या आदेशाने घेतली. परंतु त्या आदेशाच्या कडक बंधनांत जी मोजकी द्रव्ये घातली गेली, ती इफेड्रिन, ॲसेटिक ॲनहायड्राइड अशा जुन्या शत्रूंच्या ओळखीची होती. दारूसाठी जी दक्षता आम्ही सत्तर वर्षांपूर्वी दाखवली, ती मेफेड्रोनच्या बाबतीत दाखवणे अवघड नाही, खर्चिकही नाही; औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक रासायनिक कारखान्याने कोणते द्रव्य किती आणले, कोणाकडून आणले आणि त्यातून काय बनवून कोणाला विकले, याची मळीच्या वहीसारखी एक वही ठेवावी आणि वस्तू व सेवा कराच्या बिलांशी ती पडताळून पाहावी, एवढेच करावयाचे आहे. जो कारखाना औषधाचा कच्चा माल बनवतो असे कागदावर सांगतो, पण ज्याच्या औषधाचा एकही गिऱ्हाईक बिलात दिसत नाही, तो कारखाना कोणत्याही गुप्तहेराविना पहिल्याच वर्षी उघडा पडावयास हवा.

पकडल्यानंतरची कथाही समाधानकारक नाही, तिच्याविषयी थोडक्यात. 2015 साली सातारा जिल्ह्यात मुंबई पोलीस दलातीलच एका शिपायाच्या गावच्या घरातून शंभर किलोंहून अधिक ‘मेफेड्रोन’ जप्त झाले आणि महाराष्ट्र हादरला. पुढे न्यायवैद्यक तपासणीत ती पूड खाद्यपदार्थांत घालावयाचे अजिनोमोटो असल्याचा निष्कर्ष निघाला. 2016 साली मोहनलाल प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या मालखान्यांत सडत पडलेल्या आणि तेथून चोरीस जाण्याचा धोका असलेल्या जप्त मालाविषयी तीव्र चिंता व्यक्त करून नमुने दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष घेण्याचे निर्देश दिले. 2020 मध्ये तूफान सिंग प्रकरणी याच न्यायालयाने स्पष्ट केले की या कायद्याखालच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. ज्यांना हा निर्णय तपासाच्या मार्गातला अडसर वाटतो, त्यांच्याशी मी सहमत नाही. कबुलीजबाबावर विसंबणाऱ्या तपासाला पैशाचा माग काढण्याचे कष्ट नकोसे होतात, आणि मग साखळीतला शेवटचा हमाल तुरुंगात राहतो आणि पहिला सावकार मोकळा फिरतो. याच कायद्यात 1989 पासून अशा धंद्यातून मिळवलेली मालमत्ता गोठवण्याचे व सरकारजमा करण्याचे संपूर्ण प्रकरण आहे. ते आमच्या ठाण्यांत जितके वाचले जावे तितके वाचले जात नाही.

नव्या तरतुदी येत आहेत, हे नमूद करणे न्यायाचे होईल. 2023 मध्ये राज्याने अंमली पदार्थविरोधी कृती दल स्थापन केले आणि नंतर त्याच्यासाठी साडेतीनशेच्या आसपास पदे मंजूर केली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 111 व्या कलमाने संघटित गुन्ह्याच्या व्याख्येत अंमली द्रव्यांचा व्यापार अंतर्भूत केला. आणि 2025 च्या पावसाळी अधिवेशनात मोक्का कायद्यातही तशी दुरुस्ती झाली. केंद्राने उभारलेली नार्को समन्वयाची रचना दिल्लीपासून जिल्ह्यापर्यंत चार पायऱ्यांची आहे, आणि तिची जिल्ह्याची पायरी जालन्यातही आहे. हे सर्व चांगले आहे. परंतु कलमे वाढवल्याने शिक्षा वाढते, माहिती वाढत नाही. आणि आपली मूळ उणीव माहितीची आहे, किंवा त्याहूनही कटू शब्दांत सांगावयाचे तर, माहिती असूनही ती कागदावर न येण्याची आहे. रोहिण्याच्या प्रकरणात अटक झालेल्यांत एक पोलीस कर्मचारी होता. ससूनच्या प्रकरणात पहाऱ्यावरच्या पोलिसांवर कारवाई करावी लागली. बाहेरचे पथक स्थानिक ठाण्याला न कळवता येते याचे कारण हेच, आणि त्या पथकाला मी त्याबद्दल दोष देणार नाही.

इकडे गावात काय पोहोचले आहे ते पाहावे. छत्रपती संभाजीनगरच्या वस्त्यांत झोपेच्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात, मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’ हे नाव रूढ आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आहेत. आणि आता एमडीची पुडी तालुक्याच्या गावापर्यंत येऊ लागली आहे. 2025 च्या फेब्रुवारीत तुळजापूरच्या वाटेवर तामलवाडीजवळ अशा पुड्या पकडल्या गेल्या आणि आई भवानीच्या नगरीत एमडीचा व्यापार किती खोल गेला आहे हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. धुळे-सोलापूर महामार्ग आमच्या उशाशी आहे, जालन्यावरून समृद्धी महामार्ग जातो. माल जाण्यायेण्याला जी सुविधा झाली ती सर्व प्रकारच्या मालाला झाली. ऊसतोडीच्या हंगामात हजारो तरुण हात या परिसरात येतात, रात्र रात्र जागून ट्रक-ट्रॅक्टर हाकतात, आणि थकवा मारण्यासाठी त्यांना काय दिले जाते याकडे पाहावयास कोणी नाही. यांतल्या एखाद्या पोराच्या खिशात पुडी सापडली तर त्याला तुरुंगात धाडून ठाण्याच्या तक्त्यावर एक आकडा वाढवणे हे पोलिसांचे कर्तृत्व समजले जाऊ नये. कायद्याच्या 64-अ कलमान्वये जो व्यसनी स्वतःहून उपचार घेऊ इच्छितो त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते; या कलमाची माहिती मराठवाड्यातल्या किती पालकांना आहे, आणि माहिती झाली तरी उपचारासाठी त्याने जावे कोठे? तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचाराची खाट असणे हे कृती दलातल्या नव्या पदाइतकेच या लढ्याचे शस्त्र आहे असे मी मानतो. विकणाऱ्याची कमाई गिऱ्हाइकाच्या गरजेवर उभी असते, आणि ती गरज कमी करणारा डॉक्टर हा पोलिसांचा सहकारी होय.

आता माझी मागणी. या राज्याच्या हद्दीत जेव्हा जेव्हा बाहेरचे पथक, मग ते दिल्लीचे असो, अहमदाबादचे असो वा शेजारच्या आयुक्तालयाचे असो, अंमली द्रव्यांचा कारखाना उघडकीस आणील, तेव्हा तेव्हा नव्वद दिवसांच्या आत त्या हद्दीतल्या सर्व दप्तरांची चौकशी होऊन तिचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जावा. कारखान्याला भूखंड कोणी दिला आणि तो भाड्याने दुसऱ्याकडे गेला तेव्हा औद्योगिक विकास महामंडळाने काय पाहिले. कारखाना निरीक्षक शेवटचे केव्हा आले आणि त्यांनी शेऱ्यात काय लिहिले. प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांडपाण्याचा नमुना केव्हा घेतला. बंद म्हणून नोंदलेल्या कारखान्याचे वीजबिल रात्रपाळीच्या कारखान्याइतके कसे आले आणि ते पाहून कोणाला शंका आली की नाही. बीटवरच्या जमादाराच्या नोंदवहीत त्या वसाहतीविषयी वर्षभरात एक तरी ओळ आहे काय. आणि असल्यास ती ओळ वर जाऊन कोणाच्या टेबलावर थांबली. यात कोणाला आधीच दोषी धरण्याचा हेतू नाही. पुष्कळदा असे निघेल की प्रामाणिक माणसे कमी होती आणि कामे जास्त. एका निरीक्षकाकडे दोन-दोन जिल्हे असतील, तर तेही अहवालात लिहिले जावे, म्हणजे पुढच्या अर्थसंकल्पात त्याची दाद मागता येईल. जेथे कसूर दिसेल तेथे खातेनिहाय कारवाई व्हावी, आणि जेथे संगनमत दिसेल तेथे त्या अधिकाऱ्याला त्याच गुन्ह्यातला आरोपी करावे.

याचा केंद्रीय खात्यांनाही लाभच होईल. ज्या हद्दीतले कागद स्वच्छ आहेत तेथे त्यांना चोरपावलांनी यावे लागणार नाही, तेथल्या ठाणेदाराला विश्वासात घेता येईल, आणि त्यांचे मोजके मनुष्यबळ कारखान्याचा पत्ता शोधण्यात न अडकता पैसा कोठून आला व कोठे गेला याच्या शोधाला लागेल. जिल्ह्याच्या समन्वय समितीच्या बैठकीत आज मुख्यतः पोलीस, महसूल, आरोग्य आणि शिक्षण ही खाती बसतात. तीत औद्योगिक विकास महामंडळ, कारखाने निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळ, महावितरण आणि वस्तू व सेवा कर या खात्यांच्या अधिकाऱ्यांनी दर खेपेस आपापली वही घेऊन हजर राहावे, आणि तपासाला बाध न येईल इतपत तिचे इतिवृत्त जिल्हाधिकारी कचेरीच्या फलकावर लावले जावे. जालना जिल्ह्यात पोलाद आहे, बियाणे आहे, साखर आहे, ड्रायपोर्ट आहे आणि औद्योगिक वसाहतींत भाड्याने मिळणाऱ्या शेडही आहेत. पैठणला अहमदाबादचे पोलीस येऊन गेल्यानंतर त्या शेडमध्ये काय चालते हे विचारण्याचा अधिकार आम्हाला कोणत्याही नव्या कायद्यावाचून आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या बैठकीच्या कार्यसूचीत तो विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा.